दिलीपचा अंगठा

हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या आमच्या घरामागे गवताची एक पट्टी आहे, पट्टीच्या कडेला कंबरेएवढं लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे दिलीपची शेड. मी मुलाकडे राहायला आलो त्याला आता चार वर्षं झाली. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सूनबाई मृण्मयी म्हणाली, "बाबा, आज ऊन पडलंय, बाहेर बसा. इथं ऊन सांगून येत नाही." म्हणून मी दोन स्वेटर आणि कानटोपी चढवून खुर्ची टाकून बसलो. डोक्यावरून विमानं चाललेली, इतकी खाली की पोटावरचे आकडे वाचावेत. विमानं मोजून कंटाळलो तेव्हा शेडच्या उघड्या दाराकडे लक्ष गेलं.

आत उंच स्टुलावर एक टक्कल पडलेला माणूस बसला होता. हातात पितळेची पुंगळी. पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवायचा, थांबायचा, परत फिरवायचा.

मी कुंपणाशी गेलो आणि विचारलं, "टोपी वर राहिली काय?"

तो मराठी आहे हे मला कुठं ठाऊक होतं? चौतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. तो माणूस स्टुलावरून पडायचाच बाकी होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो. टोप्या तपासायला."

झालं. त्या दिवसापासून मी त्याचा काका आणि तो माझा दिलीप. वय त्याचं एकसष्ट, माझं शहात्तर. मी वाई तालुक्यातल्या शाळेतला सातवी पास, तो इंजिनियर. पण टोपीच्या गोष्टी सुरू झाल्या की शिक्षणाचा हिशेब कोण करतो?

ज्यांनी काडतूस जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, थोडक्यात सांगतो, माझ्या थोडक्यावर घरात कोणाचा विश्वास नसला तरी. काडतुसाला पितळेची पुंगळी असते. पुंगळीत दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाला मधोमध मसुरीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी टोपी. बंदुकीची सुई टोपीवर आपटते, टोपीची ठिणगी दारूत जाते, गोळी सुटते. झाडल्यावर पुंगळी मात्र शिल्लक राहते. तिची जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, गोळी लावायची, की काडतूस परत तयार. नेमबाजीचा नाद असलेली माणसं इथं परवाना काढून हे घरी करतात. दिलीप त्यातला.

आणि यात सगळ्यात नाजूक काम टोपी बसवण्याचं. दिलीपकडे त्यासाठी हातात धरायचं एक हत्यार होतं, लिंबू पिळायच्या चिमट्याच्या जातीचं. अंगठ्यानं दांडी दाबली की खालून एक खुंटी वर येते आणि टोपीला पुंगळीच्या खळग्यात ढकलते. टोपी आधी जरा अडते, मग गिळल्यासारखी आत जाते, मग तळाला टेकते. टेकली की थांबायचं. त्या टेकण्याला आवाज नसतो. ते अंगठ्याला कळतं, बाकी कोणाला नाही. टोपी नीट बसली तर बुडापेक्षा केसभर आत असते. वर राहिली तर सुईचा पहिला ठोका तिला नुसता खाली ढकलण्यात जातो, गोळी सुटत नाही. आणि घट्ट आहे म्हणून जोर केला तर? ती टोपी आहे, हातातच फुटेल. तिला दाबलेलं कळतं, कोणी दाबलं ते कळत नाही.

आमच्या कारखान्यात हरीश नावाचे फोरमन होते. दर जानेवारीत ते प्रत्येक तपासनिसाला बोलवायचे, डोळ्यांवर पंचा बांधायचे आणि टेबलावर दहा पुंगळ्या मांडायचे. काही नीट, काही मुद्दाम वर ठेवलेल्या. अंगठा फिरवून सांगायचं, चांगली की वर. दहापैकी दहा आल्या तर पुढचं वर्ष त्याच टेबलावर. एक जरी चुकली तर दुसऱ्या खात्यात, खोकी बांधायला. "डोळे मिटून दहा" म्हणायचे त्याला. मी चौतीस वर्षं दहा सांगितल्या. मंडळी, माझ्या लग्नात मला एवढी धाकधूक नव्हती. ही गोष्ट मी दिलीपला पहिल्याच भेटीत सांगितली आणि पुढं आणखी वीसेक वेळा. तो दर वेळी ऐकायचा. असा माणूस मिळत नाही.

दिलीपचं असं, तो मूळचा नाशिकचा. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पात आयुष्यात पहिल्यांदा पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही एका रुपयाएवढ्या जागेत गेल्या. सुभेदारानं पाठ थोपटली. मग नोकरी, लग्न, मुलगी, हॉलंड. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका ऑफिसात पंचवीस वर्षं कोड लिहिला. पण त्या पाच गोळ्या त्याच्या डोक्यातून गेल्या नाहीत. पन्नाशी उलटल्यावर युट्रेख्टजवळच्या एका क्लबात नाव घातलं. वर्षभर क्लबाची रायफल, चारित्र्याचा दाखला, पोलिस घरी येऊन बंदुकीची तिजोरी बघून गेले. बायको मंजूषा म्हणाली, "लोकांचे नवरे पन्नाशीत योगासनं करतात."

"हा पण श्वास धरायचाच प्रकार आहे," दिलीप म्हणाला.

शेडमध्ये त्याचा कारभार म्हणजे मोरांब्याच्या बरण्या आणि दह्याचे डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. क्लबात लोक झाडून टाकलेल्या पुंगळ्या तिथंच सोडून जायचे, हा वाकून वाकून गोळा करायचा आणि घासून सोन्यासारख्या करायचा. हिमानी, त्याची मुलगी, युट्रेख्टला नोकरी करते. शनिवार आला की सायकल ट्रामस्टॉपला लावून घरी. तिलाही बापाचा नाद लागला. ती त्याच क्लबाची सभासद झाली. स्वतःचा परवाना मिळायला अजून अवकाश होता, म्हणून बापाच्या रायफलीवर, बापाची काडतुसं, बाप शेजारी उभा. नोव्हेंबरात क्लबाची जोड्यांची स्पर्धा होती. बाप-लेकीची ती एकच जोडी.

दिलीपचे नियम कडक. घरी बंदूक, दारू आणि टोप्यांना त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. मी दाराशी खुर्चीवर बसून चहा प्यायचो आणि गोष्टी सांगायचो. तोही चहा प्यायचा, स्टीलच्या पेल्यातून, उकळता पेला मुठीत धरून. मला तो रुमालानंही धरवत नसे. मी म्हणायचो, "काय रे हात तुझे, लोहाराचे." तो हसायचा. ते हसणं मी नीट पाहायला हवं होतं.

आता माझ्या पायावर धोंडा पाडून घेतो.

गेल्या नवरात्रात खंडेनवमीला मंजूषानं पाटावर हत्यारं मांडली. विळी, सुरी, दिलीपचा लॅपटॉप, हिमानीच्या सायकलचा पाना. रायफल तिजोरीतच. मग दिलीपनं शेडमधून ते टोपी बसवायचं हत्यार आणलं, रिकामं. मंजूषा म्हणाली, "काका, तुम्ही वडीलधारे, पूजा तुम्ही करा." मला कोण आनंद झाला! कारखान्यात खंडेनवमीला अख्ख्या शॉपमध्ये झेंडूची माळ लागायची, यंत्राला हळदकुंकू, वर पेढे. फक्त आमच्या टोप्यांच्या टेबलाला हात लावायला बंदी होती. हरीश फोरमन दारात उभे राहायचे, म्हणायचे, "इथला देव कोरडा आहे, त्याला ओलं चालत नाही." आम्ही दाराबाहेरून नमस्कार करायचो.

इतकी वर्षं हे डोक्यात होतं आणि त्या दिवशी कुठं गेलं होतं कोण जाणे. चौतीस वर्षं ज्या हत्याराला कुंकू लावता आलं नाही ते आज समोर होतं. मी हळद पाण्यात कालवली, चांगली घट्ट, आणि बोट भरून लावली. दांडीला लावली, आणि जिथून खुंटी वर येते तिथं, अगदी मधोमध, देवाच्या कपाळाला लावावी तशी लावली. वर कुंकू, वर अक्षता. दिलीप संध्याकाळी फडकं घेऊन पुसायला लागला तर मीच ओरडलो, "अरे, सणाचं लगेच पुसू नये. राहू दे, आपसूक जाईल."

तो माझा मान ठेवणारा माणूस. बाहेरचं सुद्धा चार दिवसांनी पुसलं.

आठवड्यानं शेडमधून "हं" असा आवाज यायला लागला. दिलीप वैतागला की शिव्या देत नाही, "हं" म्हणतो.

"काय झालं रे?"

"टोप्या घट्ट जातायत, काका."

"पुंगळ्या कुठल्या?"

"क्लबात गोळा केलेल्या. लष्करी दिसतायत."

मी लगेच प्राध्यापक झालो. लष्करी पुंगळीत टोपी निसटू नये म्हणून खळग्याचा काठ आत चेपलेला असतो. तो काठ कापून काढला नाही तर नवी टोपी घट्टच जाणार. "काठ काप," मी म्हणालो. त्यानं दोन संध्याकाळी बसून सगळे काठ कापले. तरी घट्ट. नवीन, दुकानातल्या पुंगळ्या घेतल्या. तरी घट्ट. टोप्यांचा डबा बदलला. तरी तेच. मी दाराशी बसून बघत होतो. पूर्वी तो अंगठ्यानं दाबायचा, आता दोन्ही हातांनी दाबायला लागला. दाबल्यावर तोंडावर प्रश्न यायचा, पूर्वी यायचा नाही. आणि अंगठा बुडावरून एकदा फिरवायचा तिथं पाच-पाच वेळा फिरवायचा.

"वर राहिलेल्या वाटतायत का?" मी विचारलं.

"नाही. बसल्यात." पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

त्या शनिवारी त्यानं मला क्लबात नेलं. आवाज लागू नये म्हणून कानात बोळे, बाकावर मी. हिमानी रायफलीमागे आडवी, बाप शेजारी बसलेला. पहिली गोळी गेली. दुसरीला नुसतं टिक्. काही नाही. हिमानी हलली नाही, तोंड लक्ष्याकडेच, गोळी उशिरा सुटू शकते म्हणून शिकवल्याप्रमाणे मनात आकडे मोजत. मग बोल्ट ओढला. तिसरी गेली. चौथीला परत टिक्. सहावीला परत. मागून क्लबाचा देखरेख करणारा माणूस आला, उंच, पांढऱ्या मिशीचा, दिलीपचा जुना स्नेही. त्यानं काडतूस हातात घेतलं, बुडावर अंगठा फिरवला आणि डचमध्ये शांतपणे काहीतरी म्हणाला. दिलीपचे कान लाल झाले.

"काय म्हणाला?" मी हिमानीला विचारलं.

"म्हणाला, ह्या high आहेत, Dilip, तुला feel नाही झालं?" तिचं मराठी असंच, निम्मं वाटेत उतरतं. "पुन्हा असं झालं तर बाबांची homemade काडतुसं इथं नाही चालणार."

परतीच्या वाटेवर दिलीपच गाडी चालवत होता. हिमानी युट्रेख्टला उतरली. मग पुढं रस्त्याकडे बघतच दिलीप म्हणाला, "काका, मंजूषाला सांगू नका."

"काय?"

"माझ्या बोटांना कळत नाही. सहा-आठ महिने झाले. हातमोजे घालून धरल्यासारखं वाटतं सगळं. शुगर. घरच्या डॉक्टरांना पायाला मुंग्या येतात एवढंच सांगितलंय, हाताचं नाही सांगितलं."

"का नाही?"

"सांगितलं की ते खरं होतं ना."

मला तो स्टीलचा पेला आठवला.

"आतापर्यंत निभावलं," तो म्हणाला. "सवयीनं. किती दाबायचं ते हाताला पाठ होतं. आता टोप्या घट्ट जायला लागल्या आणि पाठांतर संपलं. पुंगळ्या चांगल्या, टोप्या चांगल्या, म्हणजे मीच उरलो. काका, हा माझाच हात आहे. पाच गोळ्या एका रुपयात घालणारा."

ट्रामच्या रुळांपासून घरापर्यंत मी त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत राहिलो.

दोन दिवसांनी आमच्या देवघरातली घंटा वाजेना. नातू निहार हलवून हलवून थकला. "आजोबा, it's broken." मी हातात घेतली. आतल्या लोलकाच्या कडीत हळदकुंकवाचा थर बसून दगड झाला होता. नखानं खरवडलं तर पिवळा-लाल चुरा पडला. घंटा वाजली.

ती वाजली आणि मला शेडमधली ती खुंटी दिसली.

म्हणजे दिलीपच्या हाताचं नव्हतं! माझी हळद आत उतरली, वाळली, खुंटीला पूर्ण वर येऊ देत नव्हती. जोर सगळा हळदीत जात होता. आता तुम्ही म्हणाल, लगेच कुंपणाकडे पळालो असेन. नाही. खोटं कशाला सांगू. मी घंटा घासली, समई घासली, नव्हती ती भांडी घासली. चौतीस वर्षं टोप्या तपासलेला माणूस, त्यानं टोपीच्या हत्यारात ओली हळद भरली, आणि वर "पुसू नकोस" म्हणाला. ज्या गोष्टीवर मी चार वर्षं बढाया मारल्या तीच गोष्ट. कुठल्या तोंडानं सांगायचं? आज नको, उद्या सांगू. उद्या मंजूषा घरी होती. परवा पाऊस होता. लाज वाटायला लागली की माणसाला पाऊससुद्धा पुरतो.

शनिवारी दुपारी, जेवून मी डुलकी काढत होतो, तर शेडमधून फट् असा आवाज आला. मोठा नाही, पोरांच्या टिकल्यांच्या पिस्तुलाएवढा. पण मला तो आवाज माहीत आहे. मी चप्पल न घालता गवतावरून धावलो. या वयात.

दिलीप उभा होता. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, तो तेवढा नियमाचा पक्का. उजवा तळहात काळा आणि अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक लाल रेघ. टोप्या घट्ट जातात म्हणून त्यानं खबरदारी घेतली होती, एका वेळी एकच टोपी बाहेर, बाकीचा डबा दूर कपाटात बंद. म्हणून एकच फुटली. हिमानी त्याच्या खांद्याशी उभी होती, पुंगळ्यांचा ट्रे हातात. तिचे केस त्याच्या कोपराला लागतील इतकी जवळ.

"Papa, je bloedt," ती म्हणाली. घाबरली की ती डचमध्ये जाते. रक्त येतंय म्हणत होती.

दिलीप हाताकडे बघत म्हणाला, "येतंय का? मला कळलं नाही."

मी दारातच म्हणालो, "दिलीप, ते हत्यार खोल."

"काका, आत्ता नको."

"खोल. आत माझी हळद आहे."

मंजूषा आवाज ऐकून आलीच होती. तिनं त्याचा हात नळाखाली धरला, पट्टी बांधली, आणि मी तोपर्यंत सगळं सांगून टाकलं. घंटा, लोलक, हरीश फोरमन, कोरडा देव, सगळं. दिलीपनं डाव्या हातानं स्क्रू काढले. खुंटी बाहेर आली तर तिच्याभोवती पिवळं-लाल कडं, आणि खाली तांदळाचा एक दाणा, चपटा झालेला.

सगळे वाकून बघायला लागले. मग मंजूषा म्हणाली, "काका, तुम्ही तर देवाला आतच कोंडलंत." आणि दिलीप हसायला लागला. असा हसला की स्टूल हललं. मला मिठी मारली, पट्टीच्या हातानं. "काका! माझा हात नव्हता हो! हळद होती! अहो, दोन आठवडे मी झोपलो नाही!"

"हाताचं काय?" मंजूषानं विचारलं. हसू जागच्या जागी थांबलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं ना.

दिलीप हत्याराकडे वळला. त्यानं खुंटी घासली, पुसली, हत्यार जोडलं, चष्मा चढवला. आम्हा सगळ्यांना दाराबाहेर काढलं. सहा टोप्या बसवल्या. दांडी लोण्यातून जावी तशी जात होती. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, सुटलो बाबा. हळद माझी, पाप माझं, हात त्याचा शाबूत.

मग त्यानंच मला आत बोलावलं. "काका, तुमचा तो दहाचा खेळ मांडा."

"कशाला रे? झालं की आता."

"मांडा."

मी आत गेलो. ही गोष्ट मी वीस वेळा हसत सांगितली होती. हिमानीनं टॉवेल पसरला. आत्ताच्या सहा नीट बसलेल्या आणि आधीच्या चार वर राहिलेल्या. तिनं एकेक काचेच्या तुकड्यावर उभी करून बघून घेतली, वर राहिलेली असली की पुंगळी काचेवर डुगडुगते. मग सगळ्या मिसळून ओळीनं आडव्या ठेवल्या, कुठली कुठं ते कागदावर लिहिलं आणि बापाच्या डोळ्यांवर मंजूषाचा स्कार्फ बांधला. पट्टी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी होती, शेंडा मोकळा होता.

"चांगली," दिलीप म्हणाला. दुसरी. "चांगली." तिसरी. "चांगली." वरून विमान गेलं, ते जाईपर्यंत तो थांबला. चौथी. पाचवी. सहावी. सातवीला अंगठा घुटमळला. पुढं-मागं, पुढं-मागं. "ही वर आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मी मान खाली घातली. आठवी, नववी, दहावी. "चांगली."

त्यानं स्कार्फ काढला आणि आमची तोंडं पाहिली. हिमानीनं कागद पुढं केला नाही, त्यानंच घेतला. चार वर राहिलेल्यांपैकी चारही त्यानं चांगल्या म्हटल्या होत्या. सातवी नीट होती.

"हं," दिलीप म्हणाला.

हिमानी पटकन म्हणाली, "पण काच आहे ना, बाबा! काचेवर check करायचं. Simple."

"काच नंतर सांगते, बाळा. दाबताना कुठं थांबायचं ते काच सांगत नाही."

"मग मी दाबते. तुम्ही बसा फक्त."

"परवाना माझ्या नावावर आहे. तुझा आला की तू तुझ्या हातानं दाब." मग जरा वेळानं, "मघाशी फुटली ती तुझ्या कानापासून हातभर होती. आणि मला रक्त आलेलं कळलं नाही."

मंजूषा स्टुलाशी गेली, त्याचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या अंगठ्यानं त्याचा अंगठा दाबला, जोरानं. "कळतंय?"

"तू दाबतेयस ते दिसतंय," दिलीप म्हणाला. "सहा महिने झाले. काकांना ठाऊक आहे."

"सहा महिने!" ती म्हणाली. "काकांना सांगितलंस आणि मला नाही."

"काकांनाही परवाच सांगितलं."

"सोमवारी डॉक्टरकडे. मी येणार. आणि हाताचं मी सांगणार, तू नाही."

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं होतं कबूल केलं की दोघं सुटू. सुटलो मी एकटा. हळद आत असेपर्यंत त्याला निदान वेगळं काही सापडायची आशा होती. मी घासून काढली आणि खाली त्याचा हात तेवढा उरला. दिलीपला हे बोललो तर तो म्हणाला, "काका, हळद नसती तर मी आणखी दोन वर्षं दाबत बसलो असतो. पाठांतरानं." हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

त्यानं त्याच दुपारी क्लबाच्या त्या पांढऱ्या मिशीवाल्याला फोन केला. डचमध्ये बोलला, दोन मिनिटं, उभ्यानं. टोप्या आणि दारू जिथून घेतली त्या दुकानात त्याच आठवड्यात परत देऊन आला. हत्यार पेटीत ठेवलं, हिमानीच्या नावाची चिठ्ठी लावून. पुंगळ्यांचे डबे मात्र तसेच आहेत, तो अजून बसून त्या घासतो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषध बदललं. बोटांचं म्हणाले, आहे तेवढं राखायचं बघू, गेलेलं परत येईल असं सांगत नाही. मंजूषानं स्टीलचे पेले माळ्यावर टाकले आणि जाड कानाचे कप आणले. आता दारात बसून मी गोष्टी सांगतो, पण "डोळे मिटून दहा" सांगत नाही. जीभ तिथपर्यंत जाते आणि वळते.

नोव्हेंबरात स्पर्धा झाली. मला नेलं होतं. बाहेर असला वारा की सायकली आडव्या पडलेल्या. काडतुसं दुकानातली, खोक्यातली. हिमानी आडवी झाली, दिलीप शेजारी बसला. त्यानं खोक्यातून एक काडतूस काढलं, सवयीनं बुडावर अंगठा फिरवला. फिरवला, थांबला, परत फिरवला. मग तिच्या हातात दिलं. हिमानीनं रायफलीत घालायच्या आधी त्याच बुडावरून स्वतःचा अंगठा एकदा फिरवला. बापाकडे बघितलं नाही. बापानंही तिच्याकडे बघितलं नाही, पण पुढचं काडतूस देताना तो जरा थांबला, तिचा अंगठा फिरून होईपर्यंत. वीस काडतुसं. वीसही वेळा दोघांनी तसंच केलं.